गुरगुरू द्या की त्याला!

"आमच्या टॉमीला आता नऊ वर्षं झाली. एकटा पडतो हो बिचारा. त्याला सोबत म्हणून एक पिल्लू आणायचं म्हणतोय."

हे वाक्य मी गेल्या काही वर्षांत इतक्यांदा ऐकलंय की समोरच्याने "आमच्या टॉमीला" एवढं म्हटलं की पुढचं मीच पूर्ण करू शकतो. ऑफिसच्या कँटीनमध्ये, सकाळी टेकडीवर, जनावरांच्या डॉक्टरांकडच्या बाकड्यावर नंबर यायची वाट बघताना... कुठेही. आमच्या घरी दोन कुत्री आहेत, एक म्हातारी आणि एक तरुण, त्यामुळे लोक मला यातला जाणकार समजतात. मी आपला सॉफ्टवेअरवाला माणूस. प्रशिक्षक नाही, डॉक्टर तर नाहीच नाही. पण विचारलंच आहे तर माझं मत असं की नऊ वर्षांच्या टॉमीला पिल्लू नको असतं. पिल्लू तुम्हाला हवं असतं.

आणि त्यात काही वाईट नाही बरं का! पिल्लू कोणाला आवडत नाही? पोटाचा तो गुलाबी नगारा, स्वतःच्याच पायात पाय अडकून पडणं, झोपेत हुंकारणं. मला विचाराल तर दरवर्षी एक आणावं. पण मग ताकाला जाऊन भांडं कशाला लपवायचं? सरळ म्हणा की आम्हाला हौस आहे. हा नुसता शब्दांचा फरक नाही. "त्याच्यासाठी आणलं" असं एकदा म्हटलं की त्याने उपकार मानावेत अशी अपेक्षा आपसूक येऊन बसते. मग तो पिल्लावर गुरगुरला की आपल्याला वाईट वाटतं, रागही येतो. "अरे, तुझ्यासाठीच आणलंय ना!" तेच "आमच्या हौसेसाठी आणलं" असं कबूल केलं की हिशोब उलटा होतो. हौस आपली, त्रास त्याला, तेव्हा भरपाईही आपणच करायची.

त्रास काय होतो ते जरा बघू. लॅब्रडॉरसारख्या मोठ्या कुत्र्याचं आयुष्य साधारण दहा ते बारा वर्षं. म्हणजे नववं-दहावं वर्ष हे तब्येत सांभाळून राहायचं. कमरेचे आणि गुडघ्यांचे सांधे कुरकुरायला लागलेले असतात, कान हळूहळू जातात, डोळ्यांत निळसर झाक दिसायला लागते. त्यात आपल्या फ्लॅटमधल्या त्या आरशासारख्या टाइल्स! म्हातारा कुत्रा उठायला लागला की मागचे पाय घसरतात, तो परत बसतो, पुन्हा प्रयत्न करतो. दुखतंय असं तो ओरडून सांगत नाही. जिन्यापाशी क्षणभर थांबतो, गाडीत उडी मारायच्या आधी विचार करतो, आणि आपण म्हणतो, "हल्ली फार आळशी झालाय."

आता या गृहस्थाच्या अंगावर आठ आठवड्यांचं पिल्लू सोडा. पिल्लू दिवसातले अठरा तास तरी झोपतं हे खरं, पण उरलेल्या सहा तासांत ते काय करतं? त्याच्या तोंडात दुधाचे २८ दात असतात, सुईसारखे, आणि ते कुठेतरी रुतवून बघायचे असतात. शेपूट सापडली तर शेपूट, कान सापडला तर कान. धावत यायचं आणि थेट म्हाताऱ्याच्या दुखऱ्या कमरेवर आदळायचं. तो झोपला की त्याच्या तोंडात तोंड घालायचं. सदाशिव पेठेतले एखादे रिटायर्ड काका डोळ्यांसमोर आणा, ज्यांच्या दारावर 'दुपारी एक ते चार बेल वाजवू नये' अशी पाटी आहे. त्यांना सोबत म्हणून त्यांच्या खोलीत एक बालवाडी उघडून दिली तर ते काय म्हणतील?

याला उत्तर म्हणून एका मित्राने मला अमेरिकेतल्या 'डॉग एजिंग प्रोजेक्ट'चा दाखला दिला. दाखला खोटा नाही. या प्रकल्पाने २०२३ साली २१ हजारांहून जास्त कुत्र्यांच्या मालकांनी भरून दिलेल्या प्रश्नावल्यांवरून एक अभ्यास छापला, आणि ज्या घरात कुत्र्याला इतर प्राण्यांची, माणसांची सोबत आहे तिथे त्याची तब्येत बरी असते असा संबंध त्यात दिसला. पण संबंध दिसणं वेगळं आणि कारण सापडणं वेगळं, हे आम्हा डेटाच्या धंद्यातल्या लोकांना तरी सांगायला नको. ज्याचा पहिला कुत्रा धडधाकट आणि शांत आहे तोच माणूस दुसरा आणायच्या भानगडीत पडतो, अशीही शक्यता आहे. शिवाय वर्षानुवर्षं एकत्र राहिलेल्या दोन कुत्र्यांची सोबत आणि म्हातारपणी अचानक येऊन पडलेलं पिल्लू या दोन गोष्टी एका मापाने कशा मोजायच्या? सोबत चांगलीच. प्रश्न ती कशी मिळते याचा आहे.

तर आता गुरगुरण्याकडे येतो, कारण सगळं भांडण तिथेच आहे.

पिल्लू म्हाताऱ्याच्या अंगावर चढलं. म्हाताऱ्याने आधी तोंड फिरवलं. मग जिभेने स्वतःचं नाक चाटलं. मग जांभई दिली. (कुत्रा भलत्याच वेळी जांभई देतो तेव्हा बहुतेकदा झोप आलेली नसते, तो अवघडलेला असतो. तुरीद रुगोस या नॉर्वेतल्या बाईंनी अशा खुणांबद्दल भरपूर लिहिलं आहे. तिचं सगळंच मला पटत नाही, पण बघायची दृष्टी मात्र मिळते.) मग अंग ताठ झालं, डोळ्यांच्या कडेचा पांढरा भाग दिसायला लागला. पिल्लाला यातलं काहीच कळलं नाही, कारण ती भाषा त्याला अजून यायची आहे. आणि आपल्यालाही कळलं नाही, कारण आपण मोबाइलवर शूटिंग करत होतो. मग तो गुरगुरला. आणि घरातले चारही जण एकदम ओरडले, "एऽऽ! शेम शेम! बाळ आहे ना ते!"

आमच्या धंद्यात एक प्रकार असतो. प्रोग्रॅम कंपाइल करताना कंपायलर वॉर्निंग देतो, की बाबा रे, इथे काहीतरी गडबड होऊ शकते. शहाणा माणूस ती वाचून कोड सुधारतो. घाईतला माणूस एक सेटिंग बदलून वॉर्निंगच बंद करून टाकतो. स्क्रीन स्वच्छ! मॅनेजर खूश! आणि मग तीन महिन्यांनी शनिवारी रात्री दोन वाजता फोन येतो, तेव्हा सिस्टिम कोणतीही पूर्वसूचना न देता झोपलेली असते. गुरगुरण्यावर रागावणं म्हणजे वॉर्निंग बंद करणं. त्याचं दुखणं, त्याची चिडचिड, त्याची भीती सगळं आत तसंच आहे, फक्त आता ते आपल्याला ऐकू येत नाही.

हे कागदी तत्त्वज्ञान नाही. माझ्या ओळखीच्या एका घरात साडेआठ वर्षांचा एक लॅब्रडॉर होता. अत्यंत सभ्य, आयुष्यात कोणावर गुरगुरला नव्हता. तीन महिन्यांचं पिल्लू आलं. पहिल्या आठवड्यात तो गुरगुरला, तेव्हा वर्तमानपत्राची गुंडाळी नाकावर बसली. दुसऱ्यांदा गुरगुरला तेव्हा गॅलरीत कोंडलं. पाचसहा वेळा हे झाल्यावर त्याने गुरगुरणं सोडलं, आणि सगळ्यांनी सुटकेचा श्वास घेतला. "सुधारला बघ!" पुढच्या महिन्यात एका संध्याकाळी पिल्लू त्याच्या ताटलीपाशी गेलं आणि त्याने आवाजसुद्धा न करता सरळ तोंड टाकलं. पिल्लाचा एक डोळा गेला. त्यानंतर 'हिंस्र झाला' म्हणून म्हाताऱ्याला गावाकडच्या एका फार्महाउसवर पाठवलं. नऊ वर्षं पलंगावर झोपलेला कुत्रा पत्र्याच्या शेडमध्ये साखळीला! चार महिन्यांत तो गेला. तो कशाने गेला ते कोणी मला सांगितलं नाही आणि मी विचारलंही नाही.

महाभारताच्या अगदी सुरुवातीला एक गोष्ट आहे. जनमेजयाच्या यज्ञात एक कुत्र्याचं पिल्लू येतं. त्याने हवीला तोंड लावलेलं नसतं, नुसतं पाहिलंही नसतं, तरी जनमेजयाचे भाऊ त्याला मारतात. त्याची आई सरमा येऊन जाब विचारते, कोणी उत्तर देत नाही, तेव्हा ती शाप देते की अपराध नसताना मारलंत, आता न दिसणारं संकट तुमच्यावर येईल. एवढ्या मोठ्या ग्रंथाची सुरुवात कुत्र्याला विनाकारण मारण्यावरून होते याचं मला लहानपणी नवल वाटायचं. आता त्या शापातलं 'न दिसणारं' हे फार नेमकं वाटतं. गुरगुरणं ऐकू येत होतं तोवर संकट दिसत तरी होतं.

मग गुरगुरला तर काय करायचं? काही नाही. म्हणजे त्याच्याशी काही नाही. शांतपणे पिल्लाला उचलायचं आणि दुसरीकडे न्यायचं, बस्स. म्हाताऱ्याला यातून एवढंच कळायला हवं की मी सांगितलं आणि घरच्यांनी ऐकलं. ज्याचं ऐकलं जातं त्याला आवाज चढवावा लागत नाही, हे आपल्याला माणसांच्या बाबतीत तरी ठाऊक असतं. आणि पिल्लाला एखादा मोठा कुत्रा भुंकून, हवेत तोंड मारून, इजा न करता दटावत असेल तर ते शिक्षण आहे, त्यात पडू नका. फक्त दटावणं आणि वैतागणं यातला फरक ओळखा. दटावून झाल्यावर म्हातारा विसरून जातो. वैतागलेला म्हातारा खोलीतून निघून जायला बघतो, आणि त्याला जायला जागा नसते.

आपल्या मराठी घरांत या बाबतीत एक खास सवय आहे, आणि ती कुत्र्यांच्या आधी मुलांवर आजमावलेली आहे. "तू मोठा ना? दे बरं त्याला!" ज्यांच्या पाठीवर भावंड आहे त्यांनी हे वाक्य हजार वेळा ऐकलं असेल. मी थोरला आहे, त्यामुळे या विषयावर मला बोलायचा अधिकार आहे! काल रात्रीपर्यंत तुम्ही घरातले एकुलते एक असता, आणि सकाळी कोणीतरी येतं आणि तुम्हाला कोणी न विचारता 'मोठं' करून टाकलं जातं. तुमचा चेंडू, तुमची जागा, आईची मांडी, सगळं वाटून घ्यायचं, आणि वर हसतमुखाने. म्हाताऱ्या कुत्र्याला आपण अगदी हेच सांगतो. त्याचं अंथरूण पिल्लाने बळकावलं तर आपल्याला ते गोड वाटतं, आपण फोटो काढतो. त्या फोटोत मागे फरशीवर बसलेल्या म्हाताऱ्याकडे कोणी बघत नाही.

कुत्र्यांना हे सगळं जाणवतं का? जाणवतं असं दिसतं. २००९ साली फ्रिडेरिके रांगे आणि तिच्या व्हिएन्नातल्या सहकाऱ्यांनी एक साधा प्रयोग छापला. दोन कुत्री शेजारी बसवायची, दोघांना पंजा द्यायला सांगायचं, पण खाऊ एकालाच द्यायचा. ज्याला काही मिळत नव्हतं तो लवकरच पंजा द्यायचा थांबला. एकटा असताना खाऊ न मिळताही तो जितका वेळ पंजा देत होता त्याहून आधी थांबला. गंमत म्हणजे एकाला पाव आणि दुसऱ्याला सॉसेज दिलं तर त्यांची काही तक्रार नव्हती! काहीतरी मिळालं पाहिजे एवढंच. २०१४ साली कॅलिफोर्नियात ३६ कुत्र्यांच्या मालकांना सांगितलं की तुमच्या कुत्र्याकडे दुर्लक्ष करा आणि या भुंकणाऱ्या, शेपूट हलवणाऱ्या खेळण्यातल्या कुत्र्याचे लाड करा. बऱ्याच कुत्र्यांनी मधे घुसायचा, मालकाला ढकलायचा प्रयत्न केला, काहींनी तर त्या खेळण्यालाच तोंड मारलं. याला मत्सर म्हणायचं की आणखी काही यावर तज्ज्ञ भांडोत बापडे. लक्ष कुठे गेलं हे कुत्र्याला कळतं, एवढं आपल्याला पुरे.

असो. आता या विषयातल्या सगळ्यात हट्टी समजुतीकडे वळतो. "आपण मधे पडू नये, ते आपसात ठरवतात कोण अल्फा ते." हे सांगणारा माणूस प्रत्येक टेकडीवर, प्रत्येक बागेत असतो, आणि तो हे इतक्या ठामपणे सांगतो की जणू लांडग्यांच्या कळपातच वाढला! या कल्पनेचा उगम १९४७ मधल्या रुडॉल्फ शेंकेल यांच्या लिखाणात आहे. त्यांनी बाझेलच्या प्राणिसंग्रहालयातल्या लांडग्यांचं निरीक्षण केलं होतं. पिंजऱ्यातले लांडगे, म्हणजे सक्तीने एकत्र ठेवलेले. ते भांडले यात नवल ते काय? पुढे डेव्हिड मेक या अमेरिकन शास्त्रज्ञाच्या १९७० च्या पुस्तकाने हा शब्द घरोघरी नेला. पण याच मेकने नंतर कॅनडाच्या उत्तरेकडच्या एल्समीर बेटावर मोकळ्या लांडग्यांबरोबर अनेक उन्हाळे काढले आणि १९९९ साली सरळ लिहिलं की रानातला कळप म्हणजे बहुतेकदा आईबाप आणि त्यांची पोरं. तिथे कोणी लढाई जिंकून राजा होत नाही, पोरं होतात म्हणून बाप होतो. स्वतःचंच जुनं पुस्तक छापणं थांबवा म्हणून तो प्रकाशकाच्या मागे लागला होता, ते शेवटी २०२२ मध्ये थांबलं. मला या माणसाचं फार कौतुक वाटतं. आमच्याकडे लोक दहा वर्षांपूर्वीचा स्वतःचा कोडसुद्धा चुकीचा होता म्हणायला तयार नसतात.

तर "आपसात मिटवू द्या" म्हणजे प्रत्यक्षात काय, तर सांधेदुखीवाल्या म्हाताऱ्याला आणि अक्कल न आलेल्या पोराला एका खोलीत कोंडून निकालाची वाट बघणं. चार-पाच महिन्यांपर्यंत बहुतेक मोठी कुत्री पिल्लाचं बरंच खपवून घेतात. मग एक दिवस ती सवलत संपते, आणि तोवर आपण "बघा, किती छान जमलं" असं सगळ्यांना सांगून बसलेलो असतो. शिवाय तोवर पिल्लाचं वजन म्हाताऱ्याच्या निम्म्यावर पोचलेलं असतं.

आमच्याकडे कसं झालं ते थोडक्यात सांगतो. आमची राणी लॅब्रडॉर, तेव्हा नऊ वर्षांची. चिकू गावठी, एका बांधकामाच्या साइटमागे जन्मलेला, दहा आठवड्यांचा. वयाचं मुद्दाम सांगतोय. तीन ते बारा आठवडे हा पिल्लाच्या सामाजिक शिक्षणाचा काळ, हे स्कॉट आणि फुलर यांनी १९६५ मध्येच पुस्तकात मांडलं आहे. किती जोरात चावलं की समोरचा खेळ थांबवतो हे पिल्लू आई आणि भावंडांकडून शिकतं. आपल्याकडे २०१७ च्या नियमांनुसार आठ आठवड्यांखालचं पिल्लू विकता येत नाही, तरी महिन्या-सव्वा महिन्याची पिल्लं सर्रास हातात ठेवली जातात. 'लहान असलं की लवकर लळा लागतो' म्हणे! असं पिल्लू काही न शिकता येतं, आणि मग त्याची शिकवणी फुकटात कोणी घ्यायची? म्हाताऱ्याने.

पहिली भेट घराबाहेर, तटस्थ जागी घडवा असं सगळी परदेशी पुस्तकं सांगतात. सांगायला काय जातं? आपल्याकडे सोसायटीच्या बाहेरच्या मातीत पार्व्हो असू शकतो, तो मातीत महिनोन् महिने टिकतो, आणि पिल्लाच्या लसी सहा-आठ आठवड्यांपासून सुरू होऊन सोळाव्या आठवड्यापर्यंत चालतात. लसी पूर्ण होईपर्यंत त्याला रस्त्यावर ठेवणं म्हणजे जुगार. (घरात पार्व्हो होऊन गेला असेल तर नुसत्या फिनाइलवर विसंबू नका, ब्लीचच्या पाण्याने पुसा.) आम्ही मित्राच्या बिल्डिंगची गच्ची मागून घेतली. तिथे कुत्री येत नाहीत, आणि राणीचा तिच्यावर हक्कही नाही. दोघं दोन टोकांना, दोन माणसांबरोबर, फेऱ्या मारत. राणीला दोरी होती पण सैल. ताणलेली दोरी कुत्र्याला सांगते की काहीतरी भयंकर घडतंय. दहा मिनिटांनी तिने त्याचं बूड हुंगलं, एक सुस्कारा टाकला आणि पाण्याच्या टाकीच्या सावलीत जाऊन बसली. त्या दिवशी तेवढंच. आम्हाला तो सुस्कारा फार बोलका वाटला.

घरी स्वयंपाकघराच्या दारात सुताराकडून गुडघ्याच्या वरपर्यंत येणारी प्लायची फळी बसवून घेतली. ही आमची सर्वोत्तम गुंतवणूक, खर्च एका हॉटेलच्या बिलाएवढा. राणीला वास येतो, आवाज येतो, पण अंगावर कोणी येत नाही, आणि मुख्य म्हणजे तिला उठून जाता येतं. टाइल्सवर सतरंज्या आणि रबरी मॅट अंथरल्या, घर लग्नाच्या हॉलसारखं दिसायला लागलं, दिसू दे. जेवण वेगवेगळ्या खोल्यांत, ताटल्या लगेच उचलायच्या. चघळायची हाडं, जुने चेंडू सगळं आधीच माळ्यावर. राणीची सकाळची फेरी तिची एकटीची. पहिले काही आठवडे मी चिकूला बघायला आलेल्या पाहुण्यांनासुद्धा दारातच सांगायचो, आधी राणीला भेटा. लोकांना गंमत वाटायची.

या सगळ्यात कोणतंही पुस्तक न वाचता सगळ्यात बरोबर वागली ती आमची आई. तिचा नियम एकच, आधी मोठीला. भाकरीचा तुकडा आधी राणीला, दारातून आधी राणी, पाठीवर हात आधी राणीच्या. आणि चिकूने तिच्या अंगावर उडी मारली की आई राणीला नव्हे, चिकूला म्हणायची, "ए शहाण्या, आजी आहे ती तुझी." पाव मिळो की सॉसेज, राणीला तिच्या वाट्याचं काहीतरी आधी मिळत होतं. व्हिएन्नातल्या शास्त्रज्ञांना आमच्या आईला भेटून बरं वाटलं असतं.

आता एक कडू गोष्ट. लोक आणखी एका कारणासाठी पिल्लू आणतात आणि ते सहसा बोलून दाखवत नाहीत. म्हातारा जाणार हे दिसत असतं, आणि तो गेल्यावर घर रिकामं नको म्हणून आधीच दुसरा आणून ठेवायचा. आमच्या एका सहकाऱ्याने तर सरळ 'बॅकअप' हा शब्द वापरला. ती भीती मला समजते. तिची थट्टा करायची माझी इच्छा नाही. मुलं लहान असतील तर जास्तच समजते. पण त्याची किंमत कोण देतो बघा. म्हाताऱ्याचं शेवटचं वर्ष, जेव्हा त्याला औषधं वेळेवर हवीत, उचलून जिना उतरवायला माणूस हवा, रात्री दोनला कोणीतरी उठायला हवं, नेमकं तेच वर्ष आपण पिल्लाच्या शू-शीमागे धावण्यात घालवणार. ज्याला नुकतंच मोठं दुखणं निघालंय, ज्याची किडनी गेली आहे, ज्याला उठायला आधार लागतो, त्या घरात माझं मत स्पष्ट 'आणू नका' असं आहे. थांबा. घर काही महिने रिकामं राहिलं तर राहू दे.

नव्याचे नऊ दिवस असतात आणि पिल्लाचे फार तर नव्वद. मग ते लांब पायांचं, सगळं कुरतडणारं, हाक मारल्यावर न येणारं पोर होतं आणि घरातल्यांचा उत्साह ओसरतो. त्या वेळी दोघांनाही वेगळं-वेगळं फिरवायला, दोघांच्याही लसींचे आणि डॉक्टरांचे पैसे भरायला कोण तयार आहे, हे आणण्याआधी घरात बसून नावासकट ठरवा. "आम्ही सगळे मिळून करू" याचा अर्थ आई करणार.

आणि लोक हमखास विचारतात ते, "मग झाली का मैत्री?" आमच्याकडे फळी पाच आठवडे बंद होती, त्यानंतर थोडी थोडी उघडी. राणी आता बारा वर्षांची आहे. ती आणि चिकू एकमेकांना चाटत नाहीत, कुशीत झोपत नाहीत, आमच्याकडे फोटो काढावा असं काहीच घडत नाही. चाळीतल्या दोन शेजाऱ्यांसारखे राहतात. एकमेकांच्या वेळा त्यांना माहीत आहेत. दुपारी ती डायनिंग टेबलाखाली झोपलेली असली की तो वळसा घालून जातो, आणि कधी फार जवळून गेला तर ती अजूनही डोळे न उघडता बारीकशी गुरगुरते. तो थांबतो आणि गॅलरीत जाऊन कावळ्यांवर भुंकतो.